मोठीमायची सोडणी

बुद्धपौर्णिमेचा दुसरा दिवस. काम: गुरांच्या कोठ्यातली जुनी दावी काढून नवी बांधणे. बाकी गावात दावी पोळ्याला बदलत. आमच्या घरी ती वैशाखात बदलली जात, कारण मोठीमायला पोळ्यापर्यंत थांबणं मंजूर नव्हतं. "पोया पान्यापावसात येते. आग उनात येते," एवढंच ती म्हणायची. जुन्या दाव्याला वर्षभराचं शेण-मूत लागून ते ताठ झालेलं असे. त्याची गाठ पडली की दगड. ती सुटत नाही, कापावी लागते, आणि विळा शोधेपर्यंत जनावर राहत नाही. म्हणून होळी झाली की ती अंबाडीचा वाख भिजवून ओट्यावर बसायची आणि मांडीवर दावं वळायची. तिच्या उजव्या मांडीचं कातडं त्या जागी कायमचं गुळगुळीत झालेलं होतं. वळताना ती गाणं वगैरे म्हणत नसे. नाकातून एक लांब श्वास, मग हाताची सरक, मग पुन्हा श्वास. त्या आवाजावर आमच्या घरची दुपार चालायची.

मोठीमाय म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको. गाव तिला तान्हाबाई म्हणे. मोठेबाबा मी जन्मायच्या आधी गेले होते, तिला मूल नव्हतं, आणि घरात तिचा शब्द चाले. बाबा हंगामात हिंगणघाटला कापसाच्या जिनात कामाला जात आणि एरवी दुसऱ्यांच्या वावरात. माय निंदणीला, वेचणीला. धाकट्या भावाला आणि जनावरांना सांभाळणं मोठीमायकडे, आणि मोठीमायला सांभाळणं माझ्याकडे. घर अल्लीपूरच्या अलीकडच्या गावातलं. भिंती कुडाच्या, शेणामातीने लिंपलेल्या, वर कवेलू, म्हणजे कौलं. कोठ्यावर मात्र वाळल्या पेंढ्याचं तणीस. कोठ्याच्या मागे पऱ्हाटीची, म्हणजे कापसाच्या वाळल्या झाडांची गंजी, वर्षभराचं जळण. वैशाखात ती गंजी इतकी वाळायची, की वारा आला की तिच्यातून कोणी दात खात असल्यासारखा आवाज यायचा. आमच्या ओळीतल्या प्रत्येक घरामागे अशी एक गंजी होती. आता विचार केला की वाटतं, आम्ही सगळे घराला टेकवून आगच रचून ठेवत होतो. पण जळण ठेवायला दुसरी जागा कोणाला होती?

नवी दावी बांधताना ती मला समोर उभी करायची. आधी ती बांधे, मी सोडे. मग मी बांधायचं आणि तिने सोडायचं. गाठ सुरगाठच हवी, एक टोक ओढलं की सगळं मोकळं. निरगाठ दिसली की ती माझा कान धरून तो गाठीपाशी नेई. ही अदलाबदल शिकवण्यापुरती. एरवी नियम एकच होता: ज्यानं बांधलं त्यानं सोडायचं, आणि ते आंधळ्यालाही सोडता आलं पाहिजे. "धुरात कोनाले डोये राह्यतात का?" असं म्हणून ती माझ्या डोळ्यांवर स्वतःचा पदर गुंडाळायची. तिच्या पदराला तंबाखू आणि सरकीचा वास यायचा. त्या वासात, अंधारात, गाईच्या गरम मानेवरून हात फिरवत खुंट्यापर्यंत जायचं आणि टोक ओढायचं. पहिल्या वर्षी मी रडले होते. दुसऱ्या वर्षीपासून कंटाळले.

याला घरात 'सोडणी' म्हणत. होळीपासून मृग लागेपर्यंत रोज, दिवस मावळायच्या आधी. नेमकी ती वेळ भाकरीची. माय चुलीपाशी थापत असे, त्या थापेचा आवाज, तव्यावर पाणी फिरवल्याचा चर्र, आणि तेवढ्यात ओट्यावरून मोठीमायची हाक, "कवसे, आग!" कवसी म्हणजे मी. मग सगळं टाकून धावायचं. मायच्या किती भाकरी त्या उन्हाळ्यांमध्ये करपल्या असतील! करपलेली भाकर, कैरीचा तक्कू आणि तुरीचं पातळ वरण ही माझ्या जिभेवरची वैशाखाची चव आहे. माय कुरकुरायची, "खऱ्या आगीच्या आधी ह्या खोट्या आगीतच मरन येईन मले." मोठीमाय म्हणायची, "मर. पन आधी भाकर उतरव."

सोडणीचा क्रम ठरलेला होता. आधी मांजर, कारण मांजर घाबरलं की माळ्यावर चढतं आणि मग हाती लागत नाही. त्यासाठी दाराशी कापूस वेचायची एक झाकणाची टोपली कायम ठेवलेली असे. मनीला सुकटीचं डोकं मिळायचं ते त्या टोपलीतच, त्यामुळे ती बापजाद्याची असल्यासारखी तिच्यात झोपे. झाकण लावायचं, टोपली उचलायची. मग कोठ्यात. गोऱ्हा आधी, त्याची माय चांदी गाय मागून. "गोऱ्हा काढला का चांदी ढकलावी लागत नाई. माय हाये ते." मग दोन शेळ्या, काळी आणि बांडी. नांदीत एक पोतं भिजत घातलेलं असे. ते ओलं पोतं गाईच्या डोळ्यांवरून टाकायचं, कारण जनावराला ज्वाळ दिसली तर ते पाय रोवतं. सगळी बाहेर आली की कोठ्याची ताटी ओढून घट्ट लावायची, आणि ही गोष्ट विसरली तर जेवण नाही. मोठेबाबांच्या वेळच्या आगीत दोन बैल होते. एकाची गाठ सुटली, तो बाहेर आला आणि पुन्हा आत पळाला, कारण त्याला तेच घर माहीत. दुसऱ्याची सुटलीच नाही. मोठेबाबांनी गाठ सोडता सोडता बोटं जाळून घेतली. हे तिने मला एकदाच सांगितलं, दावं वळताना, वर न पाहता. "त्यायची गाठ लय पक्की राहे," एवढं म्हणाली. त्यात कौतुक होतं की राग, ते मला तेव्हाही कळलं नाही.

ताटी लावली की सगळी वरात आखरावर जायची. आखर म्हणजे गावाबाहेरची मोकळी जागा, जिथे सकाळी गुराखी सगळ्या गावची ढोरं गोळा करतो. त्याच्या आमच्या बाजूच्या टोकाला हिवराचं एक झाड होतं. हिवराखाली मोठीमाय परात घेऊन आधीच पोचलेली असे. पळीने परात वाजवायची, आणि जनावरं आली की तिच्यात पेंडीची ढेप आणि भिजवलेली सरकी. पंधरा दिवसांत असं झालं, की परात वाजली की चांदी स्वतःच आखराकडे तोंड करी. शेवटी मोठीमाय बोट दाखवून मोजायची, "गोऱ्हा, चांदी, काळी, बांडी, मनी. पाच." मग घरी.

ओळीत याची भरपूर थट्टा व्हायची. समोरच्या यमुनाकाकू ओट्यावर पाय सोडून बसायच्या आणि पोतं पांघरलेली गाय निघाली की ओरडायच्या, "अवं तान्हाबाई, अंतरपाट धरला वाटते! नवरदेव कोन्या गावचा?" मोठीमाय चालता चालता म्हणायची, "तुह्या नवऱ्याले पाठव. पोतं काढल्यावर चांदी पसंत करते का नाई ते पाहू." यमुनाकाकू हसून आडव्या व्हायच्या. पण त्यांच्या घरी दोन शेळ्या निरगाठीने बांधलेल्या असत आणि मांजर माळ्यावरच राही.

त्या वर्षी थट्टेला आणखी एक धार होती. आदल्या दसऱ्याला आमच्या ओळीने नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती. घरातले देव यशोदा नदीत सोडले होते. आधी उन्हाळ्याच्या तोंडाशी ओळीतली माणसं शिवेवरच्या मरीमायला नारळ फोडत, आगीपासून, पटकीपासून राखावं म्हणून. यंदा नारळ फुटला नाही. गावातले लोक तोंडावर फारसं बोलत नसत, पण विहिरीकडे जाता-येता कानावर पडायचं, की यंदा पाहा काय होतं ते. आमच्याच ओळीतल्या काही बाया आतून धास्तावल्या होत्या. मोठीमायला धास्ती नव्हती, चीड होती. नवी दावी बांधून झाल्यावर ती मला म्हणाली, "यंदा आपल्या घरचं एक शेपूट जयालं नाई पाह्यजे. नाई त मरीमायचं नाव होईन." त्या दिवसापासून सोडणी रोज दोनदा झाली. माझे तळवे दाव्याने सोलले होते, झोपेत मी गाठी सोडायचे. मोठीमाय तर पार वाळली होती. रात्री तिला झोप नव्हती आणि दुपारी ती बसल्या जागी पेंगायची, पण हात वळत राही.

आता जे लिहायचं ते भुऱ्याबद्दल. भुऱ्या आमचा कुत्रा. आमचा म्हणजे तो आमच्या ओट्याखाली झोपायचा आणि सकाळी भाकरीचा तुकडा आमच्याकडे खायचा. मातकट रंग, एक कान मुडपलेला. त्याला कोणी आणलेलं नव्हतं. तो कधी बांधलेला नव्हता, म्हणून सोडायचाही नव्हता, म्हणून सोडणीत नव्हता. मी एकदा विचारलं होतं, "मोठीमाय, भुऱ्याले नाई धरायचं का?" ती म्हणाली, "त्याले कोन सोडते? तो मोकयाच हाये. आपल्या आधी पोचते तो." आणि खरंच, परात वाजली की तो सगळ्यांच्या आधी हिवराखाली. जनावरांचं खाणं होईपर्यंत जीभ काढून बसे आणि शेवटी परात त्याची. इतकी स्वच्छ चाटायचा की मोठीमाय ती न धुता भिंतीला टेकवायची. मी ओरडले की म्हणायची, "सकाई राखेनं घास. तुह्यापेक्षा त्यानंच चांगली घासली."

मी आज बोरगाव मेघेला राहते. सिमेंटचं घर आहे, दोन वर्षांनी दवाखान्यातली नोकरी संपेल. आमच्या गल्लीत पाच-सहा घरी कुत्री आहेत, सगळ्यांच्या गळ्यात साखळ्या, आणि एका घरी साखळीला कुलूपसुद्धा. मी त्यांना विचारलं, किल्ली कुठे असते? त्यांनी मला चहा दिला आणि विषय बदलला. मी पुन्हा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे जसं पाहिलं तसंच यमुनाकाकू मोठीमायकडे पाहायच्या. मला त्याचं काही वाटत नाही. पण एक सांगते: संकटापेक्षा त्याची तयारी माणसाला जास्त दमवते. संकट एक दुपार असतं. तयारी रोज असते, आणि बहुतेक दिवस ती फुकट जाते.

दावी बदलून चार-पाच दिवस झाले असतील. गावात दवंडी आली. शेजारच्या गावी पिसाळलेलं कुत्रं चावलं होतं, तेव्हा मोकाट कुत्री मारण्यात येणार, ज्याचं त्याने आपलं बांधून ठेवावं. दवंडीवाल्याने आमच्या ओळीच्या तोंडाशी उभं राहून दोनदा सांगितलं. मी तेव्हाच भुऱ्याला धरलं. त्याला दाव्याने बांधलं, अगदी सुरगाठीने, आणि पाणी आणायला गेले. येऊन पाहते तर दावं कुरतडलेलं आणि हा ओट्याखाली. पुन्हा बांधला, पुन्हा तेच. मोठीमाय मायसोबत निघायच्या गडबडीत होती. मायच्या भावाचं लग्न होतं कारंज्याला, माय आणि धाकटा दोन दिवस आधी जाणार होते, त्यांना मोटारीपर्यंत पोचवायचं होतं. तिला विचारावं असं मला वाटलं नाही. बाबांनी जिनातून आणलेली तार घरात पडलेली होती. भुऱ्याच्या गळ्यात एक चिंधी बांधली, तार तिच्याभोवती सैल घेतली आणि दुसरं टोक कोठ्यामागच्या खांबाला गुंडाळलं. तार दाव्यासारखी बसत नाही, निसटते. म्हणून पीळ दिले. एक, दोन, तीन. मला ते पीळ द्यायला पकड लागली होती, हे मी विसरलेले नाही. आणि जागा मी मुद्दाम तीच निवडली, कारण दुपारी तिथेच सावली असायची, पऱ्हाटीच्या गंजीची.

मोठीमायला मी संध्याकाळी सांगितलं, "भुऱ्याले बांधला मांगं." ती म्हणाली, "बरं केलं." कशाने बांधला ते तिने विचारलं नाही. ती फार थकलेली होती. त्या संध्याकाळच्या सोडणीत भुऱ्या आखरावर नव्हता. परात मीच धुतली. आणि दोघींनाही त्यात काही चुकल्यासारखं वाटलं नाही, कारण मोजणी बरोबर आली होती. पाच.

सगळ्या ओळीतली कुत्री बांधलेली. त्यांना सवय नव्हती. दोन दिवस ती एकसारखी भुंकत आणि रडत होती. पहिल्या दिवशी डोकं उठलं. दुसऱ्या दिवशी कोणाला ते ऐकूच येईनासं झालं.

आग तिसऱ्या दिवशी लागली, दुपारची जेवणं झाल्यावर. वारा सकाळपासून तापलेला होता, अंगणातली धूळ उभी राहून फिरत होती. कोणाच्या चुलीतून उडाली ते शेवटपर्यंत ठरलं नाही. आमच्या वरच्या अंगाला चौथ्या घरी पहिल्यांदा धूर दिसला. मोठीमाय पेंगत होती. मी "मोठीमाय, आग!" म्हणाले, आणि त्या क्षणी मला हसू आलं होतं, कारण ते शब्द तिचे होते, माझे नव्हते. ती उठली. एकदा आकाशाकडे पाहिलं. वारा कुठला ते पाहिलं. "सोड," म्हणाली आणि परात घेऊन निघाली.

त्यानंतर मला काही ठरवावं लागलं नाही. मनी टोपलीत होती, झाकण लावलं. टोपली पाठीला अडकवली. कोठ्यात धूर भरत होता, पण डोळे उघडायची मला गरजच नव्हती. गोऱ्ह्याचा खुंटा, ओढ. चांदीचा खुंटा, ओढ. नांदीतलं पोतं तिच्या तोंडावर. काळी, ओढ. बांडी, ओढ. ताटी लावली. मागे कुत्री भुंकत होती, वरच्या घरी बाया किंचाळत होत्या, कवेलू फुटत होते, आणि या सगळ्यातून परातीचा आवाज येत होता, एकसारखा, न घाबरता. चांदीने डोळे झाकलेले असताना त्या आवाजाकडे मान वळवली आणि चालायला लागली. मी तिच्या मागे. वाटेत यमुनाकाकू दिसल्या, दाताने गाठ सोडत होत्या. मी थांबले नाही. सोडणीत थांबायचं नसतं.

आखरावर सगळी ओळ गोळा झाली. चार घरं पूर्ण गेली, आमचा कोठा गेला, घराचं अर्धं छप्पर गेलं. माणूस एकही गेलं नाही. गावातले काही बाप्ये बादल्या घेऊन आले आणि त्यांनी आमच्या पोरांसोबत पाणी मारलं. काही दुरून पाहत उभे राहिले. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिते. पाहणाऱ्यांमध्ये एक म्हातारी होती, ती म्हणाली, फार हळू नाही, "देव नदीत टाकले. दुसरं काय होईन?"

मोठीमाय हिवराखाली उभी होती. तिने परातीत ढेप टाकली, हात लुगड्याला पुसले, आणि सगळ्या आखराला ऐकू जाईल अशा आवाजात मोजलं. "गोऱ्हा. चांदी. काळी. बांडी. मनी. पाच! मोज बाई, येऊन मोज. आमच्या घरचे पाचचे पाच उभे हायेत. देवानं कदी दावं सोडलं नाई. ना आमच्यावालं, ना तुमच्यावालं. ह्या पोरीनं सोडलं." ओळीतल्या बाया माझ्याकडे पाहायला लागल्या. कोणी तरी माझ्या पाठीवर हात ठेवला. इतकं मोठं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

जनावरांचं खाणं झालं. मी परात उचलायला वाकले. तळाला सरकीचे दाणे चिकटलेले होते, कडेला ढेपेचा चुरा. चाटलेली नव्हती.

मी धावले. मोठीमायने माझी वेणी धरली. तिचा हात दावं वळणाऱ्या बाईचा होता, तो सुटत नाही.

"कुठं?"

"भुऱ्या."

"तो मोकया..." एवढं म्हणून ती थांबली. मग विचारलं, "कशानं बांधला होता?"

"तारेनं."

"किती पीळ?"

"तीन."

आमच्या कोठ्यामागून, जिथे गंजी होती तिथून, धूर नाही, सरळ ज्वाळ वर चालली होती. तिथे जाण्यासारखं काही उरलेलं नव्हतं, ते आखरावरूनही दिसत होतं. कुत्र्यांचं भुंकणं बाकी सगळीकडून येत होतं. मी कान देऊन ऐकलं, एकेक कुत्रं ओळखलं. मोठीमायने वेणी सोडली नाही. ती म्हणाली, "गाठ तुही. मोजनी माही. पानी पी."

दिवस कलला तेव्हा बाबा आले. पकड घेऊन कोठ्यामागे गेले. मला येऊ नको म्हणाले, मी गेले. खांब अर्धा जळून काळा उभा होता. तार तशीच होती, आणि माझे तीन पीळ जसे दिले तसे. बाबांना ते सोडवायला वेळ लागला. त्यांनी भुऱ्याला वावराच्या धुऱ्यावर, बांधाशी पुरलं आणि येऊन म्हणाले, "कुत्र्याचं एवढं काय घेऊन बसता? मानसं वाचली." यमुनाकाकूंचं घर वाचलं, पण मागच्या छपरीत त्यांची एक शेळी गेली होती. त्या रडत रडत म्हणाल्या, "तान्हाबाई, तुह्ये त पाचही राह्यले वं." मोठीमाय त्यांच्याशेजारी बसली होती. तिने हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही.

गावात ती गोष्ट पुढे पाचाचीच सांगितली गेली. तान्हाबाईच्या कवसीने डोळे मिटून पाच जनावरं काढली, देव नसताना काढली. लग्नात, बैठकीत, माझ्या देखत सांगितली गेली. पुढे मी शिकले, नोकरीला लागले, तेव्हा तर आणखी. त्या गोष्टीत कुत्रा नाही. असता तर गोष्ट बिघडली असती, आणि आमच्या ओळीला त्या वर्षी ती गोष्ट हवी होती, हे मलाही कळत होतं. म्हणून मी गप्प राहिले. आता मोठीमाय नाही, बाबा नाहीत, ओळही राहिली नाही. आता सांगायला हरकत नाही, की सहा होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठले तेव्हा मोठीमाय उघड्या छपराखाली बसून वळत होती. उरलेला वाख ओला करून तिने हातभर लांबीची दावी केली होती, जाड, दुहेरी पिळाची, कुत्र्याच्या दातांना सहज न तुटणारी. नऊ-दहा असतील. गठ्ठा माझ्याकडे सरकवला आणि पुढचं वळायला घेतलं.

मी ते घेऊन ओळीच्या वरच्या टोकापासून सुरुवात केली. दवंडीचा हुकूम अजून उठला नव्हता, कुत्री बांधूनच ठेवायची होती. कुठे साखळी होती, कुठे सायकलची ट्यूब, कुठे गाठीवर गाठ मारलेली चिंधी. सगळं काढलं आणि प्रत्येकाला दावं लावलं. जळक्या घरांपुढे माणसं कवेलू वेचत होती. कोणी म्हणालं, ही पोरगी येडी झाली. यमुनाकाकू ओट्यावर बसल्या होत्या, डोळे सुजलेले. त्यांचा काळा कुत्रा दाराच्या कडीला तारेने बांधलेला होता. मी पकड लावून तार उलगडली, दावं बांधलं.

"आता कायले वं, कवसे?" त्या म्हणाल्या. "लागायची ते लागून गेली."

"काकू, इकडं या. डोये झाका."

"मले नको लावू तुह्या मोठीमायचं खूळ."

"डोये झाका आन् सोडा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पदर डोळ्यांवर ओढला. हात चाचपत कडीपर्यंत गेला, टोक सापडलं, ओढलं. कुत्रा सुटून रस्त्यात उभा राहिला. मी त्याला धरून आणलं, पुन्हा बांधलं, काकूंना पुन्हा एकदा सोडायला लावलं, आणि पुढच्या घरी गेले.